लग्नघरात मिसळून फिल्मवर फोटो कसे काढावेत

खान्देशातल्या बहुतेक लग्नांत मंगलाष्टकं सुरू झाली की पाहुण्यांना नवरा-नवरीच्या आधी फोटोवाल्याची पाठ दिसते. व्हिडिओचा प्रखर दिवा, त्याची वायर सांभाळणारा पोरगा, स्टेजवर चढलेले मोबाइल. या गर्दीत भर न घालता, कुणालाही ‘इकडे बघा’ न म्हणता लग्न टिपायचं असेल, आणि तेही रोलवर, तर तयारी कशी करावी ते इथे सांगतो. हौशी माणसालाही हे जमतं.

पण आजच्या काळात रोल कशाला? डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढला की लगेच दोघं-चौघं मागे येऊन उभे राहतात. ‘दाखव बरं भो, कसा निघाला?’ तो बघण्यात समोरचं हसणं संपून जातं, आणि पुढच्या फोटोला सगळे सावरून बसतात. रोलच्या कॅमेऱ्याला दाखवायला पडदाच नसतो. ‘रोल धुतल्यावर कळेल’ असं दोनदा सांगितलं की लोक कॅमेरा विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझ्या मते फिल्मचा लग्नातला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. शिवाय एका रोलवर ३६ फोटो. मोजकेच असल्यामुळे आपण आधी बघतो, थांबतो आणि मग बटण दाबतो. तिसरं कारण आपल्याकडच्या उन्हाचं. मे महिन्यात भर दुपारी पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी घातलेले आजोबा अंगणात उभे असतील, तर डिजिटलमध्ये त्या कपड्यांचा नुसता पांढरा डाग होण्याची भीती असते. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पचवते आणि टोपीची घडीसुद्धा फोटोत राहते.

कॅमेरा आणि रोल

जुना, पूर्ण यांत्रिक कॅमेरा घ्या. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो बनत होता) किंवा निकॉन एफएम२ चालेल. यांची बॅटरी संपली तर फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो, शटर चालूच राहतं. विकत घेताना मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून बघा. त्याचा चुरा होत असेल तर तिथून उजेड आत शिरतो, तो बदलून घ्या. लग्नाच्या निदान महिनाभर आधी एक रोल घरच्या माणसांवर काढून धुऊन आणा.

लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ २ च्या आसपास उघडणारी (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). झूम नको. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर मुख्यतः ५० मिलिमीटरच्या लेन्सवर काम करत राहिले. ते फ्लॅश वापरत नसत आणि कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवत, म्हणजे लोकांचं लक्ष जाऊ नये. ही पट्टीची युक्ती आपणही करावी, कारण मांडवातल्या दिव्यांत चंदेरी कॅमेरा लांबून चमकतो.

दिवसासाठी कोडॅक पोर्ट्रा ४०० सारखा रंगीत रोल (४०० म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा), रात्रीसाठी इलफर्ड एचपी५ प्लस हा काळा-पांढरा. हळद आणि लग्न मिळून सहा ते आठ रोल पुरतात. हे स्वस्त नाही, म्हणून घरच्यांशी खर्चाचं आधीच बोलून घ्या. आहेराच्या वेळचे, स्टेजवर रांगेने उभं राहून काढायचे फोटो डिजिटलवर दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या. ते फोटो वडीलधाऱ्यांना हवेच असतात आणि त्यांचं हवं असणं रास्तच आहे.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद गाडीत रोल ठेवले तर रंग बिघडतात. रोल त्यांच्या प्लास्टिकच्या डबीतच ठेवून त्या डब्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फडकं सुकताना डबा छान गार राहतो. फ्रीजमधून काढलेला रोल मात्र लगेच उघडू नका. तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

आदल्या दिवशी लग्नघरी

लग्नाच्या दिवशी सकाळी कॅमेरा लटकवून जाणारा माणूस परकाच राहतो. आदल्या दिवशी दुपारीच जा. पहिला तासभर कॅमेरा पिशवीतून काढू नका. नवरीच्या आजीजवळ बसा, आबा-नानांना कुठल्या गावचे, कुणाचे ते सांगा, चहा घ्या. हळद दळणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या बायांना ‘माय, तुमचे फोटो काढू का?’ असं सरळ विचारा. एकदा हो म्हटलं की पुन्हा विचारायची गरज नसते. आणि नाही म्हटलं तर तो विषय तिथेच संपतो. नवरीचं न्हाण, बायकांची आतल्या खोलीतली थट्टामस्करी, तिथे कॅमेरा नेऊच नये.

कपडे पाहुण्यासारखे घाला, साधा सुती सदरा बरा. पंगतीत बसून वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी खा. वाढप्याच्या हातातला तुपाचा तांब्या आणि ‘अजून एक घ्या’चा आग्रह जेवणाऱ्याच्या जागेवरून जसा दिसतो, तसा उभं राहून दिसत नाही.

उजेड ओळखणं

लख्ख उन्हात ४०० च्या फिल्मला एफ १६ आणि १/५०० सेकंद, हे पाठ असू द्या. मांडवाच्या सावलीत तीनेक स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे तोच वेग ठेवून एफ ५.६. रंगीत रोल असेल तर मीटर २०० वर लावा आणि माप सावलीतल्या चेहऱ्यावरून घ्या. रंगीत निगेटिव्हला उजेड कमी पडला की सावल्या मळकट, दाणेदार होतात, जास्त झालेला मात्र निभावून जातो.

सगळ्यात सुंदर उजेड जुन्या धाब्याच्या घरात मिळतो. जाड मातीच्या भिंती, एकच दार, वर एखादा झरोका. नवरीला तिथे कुणी मुंडावळ्या बांधत असेल तर दाराकडून येणारा उजेड तिच्या एका गालावर पडतो आणि बाकी खोली शांत काळोखी राहते. एफ २ आणि १/६० वर श्वास रोखून, भिंतीला खांदा टेकवून फोटो काढा. दिवा लावायला सांगू नका. असा उजेड वाचायला शिकायचं तर चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं काम बघा. ते टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा बसेपर्यंत थांबून फोटो काढत. लग्नात आपल्याला काहीच मांडता येत नाही, पण तसं थांबणं त्यांच्याकडून घेता येतं.

रात्रीच्या हळदीला पिवळ्या दिव्यांत साधा रंगीत रोल सगळंच नारिंगी करून टाकतो. म्हणून हळदीचा रंग हवा असेल तर सकाळी, दिवसाउजेडी लागणारी हळद रंगीत रोलवर घ्या आणि रात्री काळा-पांढरा लावा. मीटर १६०० वर ठेवा. अख्खा रोल त्याच मापावर काढायचा आणि डबीवर पेनाने ‘१६००’ लिहायचं, धुणाऱ्याला दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे रोल जास्त वेळ डेव्हलप करायला, सांगावं लागतं. काळ्या-पांढऱ्यात हळद पांढुरकी उतरते आणि हळद लागलेला चेहरा उजळ दिसतो. उलट लाल शालू आणि हिरवा चुडा दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात. तेव्हा काळ्या-पांढऱ्या रोलवर दागिन्यांपेक्षा चेहरे आणि हात बघा. एलईडीच्या माळांखाली १/५० च्या आसपासच राहा, फार वेगात फोटोवर पट्टे येऊ शकतात.

अंतरपाटाची वेळ

इथे चूक परवडत नाही. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी रोलवर सहा-सात फोटो शिल्लक असले तरी तो गुंडाळून नवा लावा. रोल आपल्या अंगाच्या सावलीत बदला. नवा लावल्यावर आत ढील असेल तर डावीकडची, रोल परत गुंडाळायची कळ हलकेच फिरवून ती काढून घ्या आणि मग रोल पुढे सरकवणारा लिव्हर ओढताना ही कळ आपोआप फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही, आणि तुम्ही रिकामाच कॅमेरा वाजवत बसाल.

उभं कुठे राहायचं? पाहुण्यांच्या समोर कधीच नाही. अंतरपाटाच्या बाजूला, त्याच्या कडेच्या रेषेत राहा. तिथून एकीकडे नवरदेव बाशिंगाखालून चोरून बघताना दिसतो, दुसरीकडे मान खाली घातलेली नवरी आणि तिच्या मागे उभा मामा. जागा हलायची नाही. फोकस आधीच लावून ठेवा, एफ ५.६ ला थोडं पुढेमागे झालेलं चालून जातं. प्रत्येक ‘सावधान’ला वाजंत्री वाजते, तेव्हा बटण दाबा, म्हणजे आरशाचा खटका कुणाला ऐकू जात नाही. लिव्हरही त्याच आवाजात ओढून घ्या. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि खान्देशी बँड दणक्यात सुरू होतो. त्या क्षणी सगळे कॅमेरे जोडप्याकडे असतात. एक फोटो तिथे घ्या आणि लगेच वळून दोन्हीकडच्या आयांकडे बघा. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पाठवणीला दोन पावलं मागे राहा. रडणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ लेन्स नेऊ नये, त्यासाठी कोणतीही सबब चालत नाही. खांद्यावर टेकलेला हात लांबूनही पुरेसं सांगतो.

रोल धुणं आणि निवड

रंगीत रोल सी-४१ पद्धतीने साधारण ३८ अंशांवर धुतात, ते लॅबवर सोडा. रोल कुरियरने पाठवा आणि निगेटिव्ह परत हवीत असं आधीच लिहून द्या, कारण काही ठिकाणी नुसते स्कॅन धाडतात. काळा-पांढरा घरी धुता येतो, पण त्याचं प्रमाण तापमान २० अंश आहे आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देतं. डेव्हलपरची (रोल धुण्याच्या रसायनाची) बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा, थर्मामीटर लावा, नंतर रोल विसळायचं पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाला आणा.

निवडताना नेटके फोटो आणि जिवंत फोटो यांत जिवंत घ्या. किंचित हललेला, पण करवली पोट धरून हसते आहे असा फोटो अल्बममध्ये हवाच. दोनशे फोटोंतले साठ-सत्तर पुरे. ते प्रिंट करून द्या, नुसते पेनड्राइव्हवर नको. निगेटिव्ह त्यांच्यासाठीच्या स्लीव्हमध्ये भरून, बरोबर सिलिका जेलची पुडी ठेवून घरच्यांच्याच हवाली करा, आणि पावसाळ्यात हे पाकीट ओलसर भिंतीच्या कपाटात ठेवू नका, असं पाकिटावरच लिहून द्या.