नदीतल्या ओसाड किल्ल्याचा इतिहास कसा उभा करावा : गांबियातील कुंता किंते बेट

ओसाड किल्ल्याचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक बहुधा तटबंदीपासून सुरुवात करतो. किल्ला नदीतल्या बेटावर असेल तर सुरुवात नदीपासून करावी, कारण तो तिथे का उभा राहिला आणि पुढे का टाकून दिला गेला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे भिंतींपेक्षा पाण्याकडे अधिक असतात. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया नदीतले कुंता किंते बेट समोर ठेवून ही पद्धत येथे मांडली आहे.

प्रथम नकाशा घेऊन बेटाची जागा पाहावी. नदीच्या मुखापासून हे बेट सुमारे ३० किलोमीटर आत आहे. गांबिया नदीतून गलबते देशाच्या आत दूरवर जाऊ शकत, त्यामुळे सोने, हस्तिदंत, मेण, कातडी आणि पुढे मोठ्या संख्येने गुलाम केलेली माणसे याच वाटेने समुद्राकडे जात. या वाटेवर नजर ठेवायला बेटासारखी जागा नव्हती. मात्र त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारावा, तो म्हणजे किल्ल्यातली माणसे पाणी कुठले पीत होती? बेटावर गोडे पाणी नव्हते. ते काठावरून होडीने आणावे लागे. उत्तर तीरावर निउमीचे राज्य होते. बेट वापरण्याबद्दल तिथल्या राजाला मोबदला द्यावा लागे आणि त्याच्याशी बिघडले की पाण्याची पंचाईत होई. इथे व्यापार करणाऱ्या इंग्रजी कंपनीचे कागद वाचताना तोफा असणारेच नदीचे धनी होते असा समज होतो. पाण्याचा हा हिशेब आधी मांडून ठेवला तर ती चूक टळते.

त्यानंतर नावांचा तक्ता करावा, कारण एकाच बेटाचे कागद वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले असतात. १४५६ मध्ये पोर्तुगालच्या सेवेतील दर्यावर्दी कादामोस्तो नदीत शिरला, तेव्हा आंद्रेआ नावाचा एक खलाशी तापाने वारला. त्याला इथे पुरले, म्हणून हे सेंट अँड्र्यूचे बेट झाले. १६५१ मध्ये आजच्या लाटव्हियातील कुरलँडचा ड्यूक जेकब केटलर याच्या माणसांनी इथे किल्ला बांधला आणि त्याला ड्यूकचे नाव दिले. १६६१ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि पुढे ड्यूक ऑफ यॉर्क जेम्स याच्यावरून जेम्स बेट हे नाव पडले. आजचे नाव २०११ पासूनचे आहे. त्यामुळे फक्त आजच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती जुने कागद जवळजवळ लागणारच नाहीत.

इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात किल्ल्याची जी ओढाताण झाली तिच्यावर फार पाने खर्च करू नयेत. फ्रेंचांनी १६९५ मध्ये तो घेतला, १७१९ मध्ये हॉवेल डेव्हिस या चाच्याने लुटला आणि १७७९ मध्ये फ्रेंचांनी उद्ध्वस्त केला, एवढा क्रम बहुतेक लेखांना पुरतो.

खरा वेळ द्यावा तो हिशेबाच्या कागदांना. या इंग्रजी कंपनीची, म्हणजे रॉयल आफ्रिकन कंपनीची, दप्तरे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ७०’ या मालिकेत आहेत. अटलांटिकपार गेलेल्या गुलामवाहू जहाजांच्या ३६ हजारांहून अधिक फेऱ्यांची सूचीही आता कोणालाही संगणकावर पाहता येते. जहाजाचे नाव, कप्तान आणि वर्ष या तीन गोष्टींवरून वखारीतली नोंद आणि जहाजाची फेरी जुळवता येते. इथे तारखांची एक खोच ध्यानात ठेवावी. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस यांतल्या नोंदीवर आपल्या हिशेबापेक्षा एक वर्ष मागचा आकडा असतो.

अयुबा सुलेमान दियालो याची हकिकत ही खोच समजून घ्यायला उपयोगी पडते आणि तिच्यापाशी जरा थांबावे असे मला मनापासून वाटते. आजच्या सेनेगलमधल्या बुंडू प्रदेशातल्या एका धर्मपंडिताचा हा मुलगा होता. नदीवर इंग्रजी जहाज आल्याचे कळल्यावर वडिलांनी दोन माणसे विकून कागद आणण्यासाठी त्याला पाठवले. कप्तान पाइकशी त्याचा सौदा जमला नाही. नदी ओलांडू नकोस, हे वडिलांचे बजावणे न मानता तो पलीकडे गेला, त्या भागातल्या मांडिंका जमातीच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचे डोके आणि दाढी भादरली गेली आणि ज्या पाइकशी त्याने सौदा करू पाहिला त्यालाच तो विकला गेला. जहाज त्याला मेरीलँडला घेऊन गेले. त्याने वडिलांना लिहिलेले अरबी पत्र लंडनला पोहोचल्याने त्याच्या सुटकेची वाट उघडली आणि १७३४ मध्ये तो याच बेटावर परतला. कंपनीचा कारकून फ्रान्सिस मूर तेव्हा गांबियात होता आणि त्याने हे लिहून ठेवले आहे. अयुबाच्या चरित्रात पकडले जाण्याचा काळ फेब्रुवारी १७३० असा छापला आहे, तो आपल्या गणनेने १७३१ धरावा.

मात्र तारीख दुरुस्त करून ही हकिकत बाजूला ठेवू नये. ज्या दोघांना विकण्यासाठी अयुबा निघाला होता त्यांची नावे त्या चरित्रात दिलेली नाहीत. अयुबाला अरबी लिहिता येत होते, म्हणून त्याचे नाव उरले. बेटाच्या इतिहासात या दोघांसाठी जागा राखावी आणि त्यांची नावे नोंदलेली नाहीत हे स्पष्ट वाक्यात लिहावे. केवळ संख्या देऊन पुढे जाणे म्हणजे वखारीच्या कारकुनाचीच दृष्टी उसनी घेणे होय.

कागद संपतात तिथे जाली, म्हणजे वंशकथा सांगणारे मांडिंका गायक, यांच्याकडे जावे. अॅलेक्स हेली यांच्या १९७६ च्या ‘रूट्स’ या पुस्तकामुळे समोरच्या जुफुरे गावचा कुंता किंते, म्हणजे गुलाम म्हणून नेला गेलेला आपला पूर्वज असे हेली ज्याला म्हणतात तो, जगभर माहीत झाला आणि बेटाला त्याचे नाव मिळाले, परंतु त्या वंशावळीच्या पुराव्यांवर इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. अशी कथा टाकूनही देऊ नये आणि दस्तऐवज म्हणून वापरूही नये. कोणी, कधी आणि कोणाच्या प्रश्नावरून ती सांगितली हे तिच्यासोबत नोंदवावे.

किल्ला ओस का पडला, याचे उत्तर पुन्हा नदीत शोधावे. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केल्यावर पहारा मुखाकडे सरकला. मुखापाशी बांजुलला १८१६ मध्ये सहा तोफांचा मोर्चा आणि पलीकडच्या काठावर ‘बारा’ नावाच्या गावी १८२६ मध्ये बुलेन किल्ला उभा राहिला. हे दोन्ही तोच व्यापार रोखण्यासाठी होते. मुखच राखले गेल्यावर आतल्या बेटाचे प्रयोजन उरले नाही. २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत एकूण सात जागा एकत्र घेतल्या. त्यांत हे दोन मोर्चेही आहेत, म्हणून बेटाइतकेच लक्ष त्यांच्याकडेही द्यावे.

शेवटी जागेवर जावे. अवशेषांत एक लहान कोठडी दिसते आणि भोवती गोरखचिंचेची झाडे उभी आहेत. धूप होऊन बेट किल्ला नांदता असतानाच्या सुमारे एक षष्ठांश उरले आहे, त्यामुळे आजच्या काठावरची भिंत पूर्वी आतल्या बाजूची असू शकते. म्हणून जुन्या नकाशावर आजचा काठ काढून मगच इमारती ओळखाव्यात. सुटा दगड उचलू नये. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र ठरावीक जागेवरून घ्यावे आणि त्याखाली दिनांक, वेळ आणि भरती होती की ओहोटी हे लिहावे, म्हणजे पुढे येणाऱ्याला नदीने मधल्या काळात किती काठ नेला हे मोजता येईल.