ट्रॅक्टर धूर टाकतोय? विकायच्या आधी हे बघा

काळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. आधी एअर फिल्टर साफ करा, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तपासून घ्या. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण. इंजिन चालू असताना ब्रीदरमधूनही (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) जोरात धूर येत असेल, तर रिंगा-लायनर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजल्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक (अवजारं उचलणारी यंत्रणा) धड असतील तर इंजिनाचं काम करून घ्या, तेही मशागतीच्या आधीच. ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजला अडकला तर भाड्याचा खर्च वेगळाच. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक तिन्ही एकदम कुरकुरत असतील किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तरच माझ्या मते ट्रॅक्टर बदलावा. रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करणारं अवजार) मुळात ट्रॅक्टरचा एचपीच, म्हणजे ताकदच, कमी पडत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. मोठा ट्रॅक्टर घ्या, नाहीतर लहान रोटाव्हेटर लावा.