पद्मिनीचे सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन कसे बसवावे

प्रीमियर पद्मिनी गाडीत ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉईलचा करंट तोडणारा स्विच म्हणजे सीबी पॉइंट. तो डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागात, असतो. त्याचा फायबरचा छोटा तुकडा, म्हणजे हील, डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर सतत घासत असतो. तो झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीचे टायमिंग मागे पडते. गाडीची ओढ जाते, इंजिन तापते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारा भागच नाही. कॅमवर चुंबकांची कडी बसते, शेजारच्या मॉड्यूलमधला हॉल सेन्सर ते चुंबक ओळखतो आणि पॉइंटऐवजी तोच कॉईलचा करंट तोडतो. कॉईल, प्लगच्या वायर जिथून निघतात ती कॅप, तिच्याखाली फिरून ठिणगी वाटणारा रोटर, अ‍ॅडव्हान्सची वजने (वेग वाढला की ठिणगी लवकर आणणारी) मात्र जुनीच राहतात. त्यामुळे खिळखिळ्या डिस्ट्रिब्युटरला किट वाचवत नाही, आणि निम्मे काम किटचे पाकीट फोडण्याआधीच असते.

किट गाडीच्या नावावर मागवू नका. कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांमध्ये इतक्या वर्षांत कोणी कुठला डिस्ट्रिब्युटर बसवला असेल याचा नेम नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर ठोकलेला नंबर पुसून वाचा आणि तोच दुकानदाराला सांगा. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनाही हेच लागू: लुकासच्या २५डी४ आणि ४५डी४ यांची किट वेगवेगळी असतात. बॅटरीची कुठली तार गाडीच्या बॉडीला जोडली आहे (तीच अर्थ) तेही पाहा. पद्मिनीत निगेटिव्ह असते. जुन्या मॉरिस-ऑस्टिनमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असते आणि तिथे किट वेगळे लागते.

आता कॉईल. दोन्ही बारीक तारा सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि त्या दोन टर्मिनलांमध्ये मोजा. साध्या किटला चार सिलिंडरच्या इंजिनावर ३ ओहमच्या आसपासची कॉईल हवी. १.५ ओहमची निघाली तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत, म्हणजे तिचा करंट कमी ठेवणाऱ्या रेझिस्टरसोबत, चालणारी आहे. तो रेझिस्टर कोणीतरी मध्येच उडवला असेल तर कॉईल ८-९ अ‍ॅम्पिअर ओढते, आणि नवे मॉड्यूल आठवड्याभरातही जळू शकते. ‘किट खराब निघाले’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच कॉईल असते.

कॅप काढून रोटरचा दांडा आडवा हलवा. हाताला खेळ जाणवला तर आधी बुश बदला, नाहीतर चुंबकाची कडी मॉड्यूलला घासेल. रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने मागे यायला हवा. येत नसेल तर खालची वजने गंजली आहेत. व्हॅक्यूमची नळी असेल तर ती तोंडाने ओढून पाहा, प्लेट सरकली पाहिजे.

मग एक नंबरचा, म्हणजे रेडिएटरकडचा, प्लग काढा आणि भोकावर अंगठा ठेवा. दुसऱ्याला गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूच पुढे ढकलायला सांगा. अंगठ्याला हवेचा दाब लागला की पुलीवरची खूण जुळेपर्यंत पुढे घ्या. रोटरचे तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि इंजिन यांवर मिळून टोकदार खिळ्याने एक रेघ मारा. ही रेघ पुढे लागणार आहे. प्लग परत लावा, गिअर न्यूट्रलला आणा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा.

रोटर, पॉइंट, कंडेन्सर काढा. स्क्रू बारीक आहेत. आत पडला तर डिस्ट्रिब्युटर खाली उतरवावा लागतो, म्हणून खाली फडके कोंबा. प्लेट पेट्रोलच्या फडक्याने पुसा. प्लेट आणि बॉडी यांना जोडणारी छोटी विणलेली तार असते, ती नीट बघा. मॉड्यूलचे अर्थिंग बहुतेक किटमध्ये याच तारेतून जाते आणि जुन्या गाडीत ती तुटलेली किंवा नुसती टेकलेली सापडते. तशी असेल तर नवी तार डाग देऊन लावा.

मॉड्यूल प्लेटवर कसा. चुंबकाची कडी कॅमवर सरळ दाबून तळापर्यंत बसवा. अर्धवट राहिली तर रोटर वर उचलला जातो आणि पहिल्याच सेल्फला कॅप फुटते. कडी आणि मॉड्यूलमध्ये किटसोबत आलेल्या प्लास्टिक पट्टीइतके अंतर ठेवा. स्टीलचा फिलर गेज इथे वापरू नका, तो चुंबकाला चिकटून चुकीचे माप देतो. तारा रबराच्या बुशातून बाहेर काढताना आत थोडी ढील सोडा. ताणून ठेवल्या तर व्हॅक्यूमने प्लेट सरकताना तुटतात, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटका देऊन बंद पडते.

बहुतेक किटमध्ये लाल तार कॉईलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला जाते. तरी सोबतचा कागद वाचा. जुन्या लुकास कॉईलवर अधिक-उणेऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेले असते: एसडब्ल्यू किल्लीकडची, सीबी पॉइंटकडची. बॅलास्ट असेल तर लाल तार त्याच्या आधी, थेट किल्लीच्या १२ व्होल्टला जोडा. उलटी जोडणी मॉड्यूल बहुधा क्षणात मारते. प्लगच्या वायर नुसत्या तांब्याच्या असतील तर सप्रेसरवाल्या कार्बन वायर घाला.

प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमीच ठेवा. किट आले म्हणून १ मिमी करणारे पुष्कळ आहेत. जुन्या कॉईलवर त्याने कॅप आणि रोटर जळण्यापलीकडे काही होत नाही.

बॅटरी जोडून सेल्फ मारा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मॉड्यूल पॉइंटच्या नेमक्या जागी ठिणगी सोडत नाही, म्हणून टायमिंग चुकलेलेच असणार. इंजिन गरम होऊ द्या, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा, स्लो रेसला (आयडलवर) टायमिंग लाइट लावा आणि क्लॅम्प ढिला करून बॉडी फिरवत खूण जुळवा. क्लॅम्प आवळून पुन्हा तपासा; आवळताना बॉडी हमखास सरकते. आता दुसरी रेघ मारा.

गाडी सुरूच झाली नाही तर सेल्फ फिरताना लाल तारेवर व्होल्टेज मोजा. ते ९ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि सेल्फ मोटर बघा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल तर कॉईल पुन्हा मोजा. ठिणगी तपासताना वायर हवेत सोडून सेल्फ मारू नका, तिला प्लग लावून तो इंजिनाला टेकवा. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकणेही सोडा. कॉईल आणि मॉड्यूल दोन्ही तापत राहतात.

काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू फिलर गेजसह पिशवीत घालून डिकीत ठेवा. मॉड्यूल रस्त्यात मेले तर तिथे दुरुस्त होत नाही. पॉइंट बसवून गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा, डिस्ट्रिब्युटर पहिल्या रेघेवर फिरवा, गाडी घरापर्यंत येते.