पाणथळीत निसर्ग शिक्षण केंद्र उभारताय? या चुका टाळा

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला आणि नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ घडली. २०२० मध्ये ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. अशा जागी केंद्र आखताना सगळ्यात महागात पडते ती इमारत पाण्याला खेटून बांधायची हौस.

जागा बहुतेकदा उन्हाळ्यात ठरते. पाणी आटलेलं, जमीन कोरडी, सगळं सोयीचं वाटतं. पावसाळ्यात तिथेच गुडघाभर पाणी. त्यात काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. उथळ पाया घातलेल्या भिंतींना तडे जाणारच. म्हणून वर्षभर दर महिन्याला एकाच ठिकाणाहून फोटो काढा आणि मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे जुन्या मच्छीमारांना विचारा. २०१७ चे पाणथळ नियम दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू देत नाहीत, अपवाद फक्त बोटीच्या धक्क्याचा. अभयारण्यात वन्यजीव कायदा लागू होतो, पण हे अंतर तिथेही किमान धरावं. शौचालयं तर फाटकाजवळ, उंचावरच हवीत. भूजल वर असलेल्या जमिनीत शोषखड्ड्यातली घाण थेट तळ्यात उतरते. बंद टाकी बसवा आणि ती वेळेवर उपसा.

दुसरी चूक निरीक्षण कुटीची, म्हणजे लपून पक्षी पाहायच्या खोपटाची. एका केंद्रात चौथीची मुलगी टाचा उंचावून कुटीच्या भिंतीतल्या पाहायच्या फटीशी झगडताना मी पाहिली. समोर शेकाट्यांचा थवा होता, तिला दिसलं फक्त आभाळ. फट मोठ्यांच्या उंचीची होती! साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर दुसरी फट ठेवली तर लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांनाही नीट दिसतं. शाळा सकाळी येतात, म्हणून कुटी पूर्व काठावर, पश्चिमेला तोंड करून हवी. नाहीतर ऊन डोळ्यांवर येतं आणि थापट्या बदक काय, तलवार बदक काय, सगळे काळे ठिपकेच.

कुटी तयार आहे, पण पक्षी टिकत नाहीत? आधी वाट तपासा. उघड्या बांधावरून चाळीस मुलं चालत आली की त्यांच्या आकृत्या आभाळावर उठून दिसतात आणि चांदव्यांसारखे पाणपक्षी केव्हाच पाणकणसाच्या उंच गवतात शिरतात. वाटेला दोन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे लावा. तरीही समोर सुनंसुनं असेल, तर कालव्याला आवर्तन (शेतीच्या पाण्याची पाळी) सुटून पाणी मागे सरकलंय का ते बघा. तसं असेल तर पक्क्या कुटीच्या जोडीला हलवता येणारा तट्ट्याचा आडोसा ठेवा.

मोठ्या काचा शक्यतो नकोच. लावल्या असतील, तर काचेत आभाळ दिसून पक्षी धडकतात. बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके काढा. रात्रीचे दिवे बंद.

आणि माहितीफलकांचे पैसे वाचवून दोन चांगल्या दुर्बिणी घ्या. कमळपक्ष्याची लांबलचक बोटं मुलांना पानावर चालतानाच दिसू देत.