दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी संगणक बोलता कसा करावा

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून सोलापुरात शिकायला येणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला नोट्स वाचून दाखवण्यासाठी बहुधा कोणीतरी सोबत लागते. ती सोबत मोलाचीच आहे. परंतु त्याला हव्या त्या वेळी, हव्या त्या पानावर स्वतः जाता आले पाहिजे, आणि त्यासाठी विंडोजचा साधा संगणक पुरेसा आहे.

प्रथम एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, इंटरनेटवरून उतरवून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. ते कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबून सुरू होते. त्यानंतर इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंगमध्ये जावे, ई-स्पीक एनजी या आवाजांमधून मराठी निवडावी आणि सुरुवातीला वेग कमी ठेवावा. हा आवाज यांत्रिक वाटतो, पण काही दिवसांत कानाला सवय होते.

पुढची पायरी संयमाची आहे. इन्सर्ट आणि १ दाबल्यावर प्रत्येक कळ आपले नाव व काम सांगते, प्रत्यक्षात काही घडत नाही. त्यामुळे बिघडण्याची भीती न बाळगता सराव करता येतो. या काळात माऊस बाजूला ठेवावा आणि शिकवणाऱ्याने कीबोर्डला हात लावू नये. बोटांनी एफ आणि जे या कळांवरील उंचवटे शोधून तेथूनच सुरुवात करावी. टंकलेखनासाठी मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडावा, कारण त्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते.

खरी अडचण पुढे येते ती नोट्सची. अनेक नोट्स आजही कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना त्या मराठी दिसतात. पण कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे असतो, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. म्हणून फाइलमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. तेथे इंग्रजी अक्षरे उमटली, तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरे मराठी म्हणूनच कळतात अशा पद्धतीत, बदलावा आणि जोडाक्षरे एकदा तपासावीत. प्राध्यापकांनी मुळातच युनिकोडमध्ये नोट्स दिल्या तर हा सारा खटाटोप वाचेल, आणि तशी विनंती करण्यात संकोच कसला? स्कॅन केलेली पाने गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास मजकूर मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर तो बऱ्यापैकी अचूक असतो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही नाव नोंदवावे.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी विंडोज कळ आणि अधिकचे चिन्ह दाबल्यावर पडदा मोठा होतो. हाताला त्रास असणाऱ्यांनी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज सुरू करावे, म्हणजे दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत.

परीक्षेत संगणक हवा असल्यास प्राचार्यांकडे वेळेत लेखी अर्ज करावा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि संगणक आदल्या दिवशी तपासून पाहण्याची मुभा नमूद होती. त्या तपासणीत मराठी आवाज, इनस्क्रिप्ट आणि हेडफोन या तिन्हींची खात्री विद्यार्थ्याने स्वतः करून घ्यावी.