*फादेर शिकताना स्वरचिन्हांनी केलेला घोळ

ग्रिमचा नियम तुम्हाला येत असेलच, संस्कृत आणि इंग्लिशच्या समान पूर्वज भाषेतल्या मूळ त चा जर्मॅनिकमध्ये, म्हणजे इंग्लिश-जर्मनच्या जुन्या पूर्वज भाषेत, थ झाला (इंग्लिश थिंकमधला), त्यावर वेळ घालवत नाही. मी अडकले ते *फादेर (तारा म्हणजे लिहिलेलं कुठे सापडत नाही, अंदाजाने उभं केलेलं रूप) या एका नामात, आपल्या पितृचं जर्मॅनिक भावंड, आणि माझं अख्खं सेमिस्टर त्यात गेलं.

आधी एक, इंग्लिशवर विसंबू नका. फादर, ब्रदर दोन्ही आज सारखेच ऐकू येतात म्हणून मी दोघांचा इतिहास एकच धरला. जुन्या इंग्लिशमध्ये वडिलांच्या शब्दात ड होता, आजचा उच्चार १५००च्या सुमाराचा. जर्मन बघा: फाटर, मुटर, पण ब्रूडर. हा फरक का, ते कार्ल व्हेर्नरने १८७७ मध्ये छापलेल्या लेखात दाखवलं. मूळ उदात्त (शब्दातला उंच सूर, म्हणजेच आघात) त्या थ च्या लगेच आधीच्या अक्षरावर नसेल तर थ मृदू होतो, म्हणजे द सारखा, म्हणून *फादेर, *मोदेर पण *ब्रोथेर. नंतर जर्मॅनिकमध्ये आघात सरसकट पहिल्या अक्षरावर गेला, म्हणजे पुरावा तिथे उरलाच नाही, वैदिक संस्कृतात मात्र जुना आघात टिकलाय, म्हणून तो वेदात शोधावा लागतो.

आणि इथेच आपली पोरं फसतात. शाळेतल्या संस्कृतात स्वरचिन्हं नसतात. मी ऋग्वेद उघडला, पि॒ता आणि भ्राता॑ दिसलं, ता वर उभी रेघ म्हणून तिथे उदात्त धरला, पि खाली रेघ म्हणून पि वर. दोन्ही उलटं! ऋग्वेदात उदात्ताला चिन्हच नसतं. खालची आडवी रेघ अनुदात्ताची (खालचा सूर), वरची उभी रेघ स्वरिताची (उतरता सूर), आणि हा स्वरित बहुतेक वेळा उदात्ताच्या पाठोपाठ येतो. परत सांगते, पि॒ता मध्ये उदात्त ता वर, मा॒ता मध्येही ता वर, भ्राता॑ मध्ये भ्रा वर. पण दिसलं कोरं अक्षर की उदात्त असंही करू नका, स्वरितानंतरची अक्षरंही कोरीच सोडतात.

माझा पेपर पूर्ण उलटा गेला. गाइडनी नुसतं 'चूक' लिहून परत दिला, कुठे चूक ते नाही, दोन महिने मी रडकुंडीला आले होते. शेवटी एका वेदपाठी काकांनी दोन्ही शब्द म्हणून दाखवले आणि दहा मिनिटांत सुटलं. माझं स्पष्ट मत, म्हणून दाखवणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, आणि नेटवरचे तयार तक्ते पाठ करू नका, त्यात रूपं मिळतात, ती तशी का झाली ते कळत नाही.

रूपांना मात्र घाबरू नका, खरंच. पिता, पितरम्, पितुः पाठ असेल तर बरंच काम झालंय. षष्ठी *फादुर्झ, जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी जर्मॅनिक भाषा) फोदुर, त्यातला उ आणि पितुः मधला उ एकाच स्वररूप र (आपल्या ऋ सारखा) पासून आलेत, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. गॉथिककडे (आणखी एक जुनी जर्मॅनिक भाषा) गेलात तर तिथे फादर शब्द एकदाच सापडतो, एरवी वडिलांना अत्ता म्हणतात, त्यामुळे तिथली रूपं ब्रोथर वरूनच करा: षष्ठी ब्रोथ्र्स, चतुर्थी ब्रोथ्र.