बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा: आधी इमेज, मग डेमो, पैसे शेवटी

शेअरवेअर रिकव्हरी प्रोग्रॅमचा व्यवहार सरळ असतो. डिस्क फुकट तपासा, काय सापडतंय ते बघा, पटलं तर पैसे भरून फाइल बाहेर काढा. गोची एकच: हे तपासणं म्हणजे डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सर्वांत लहान तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचणं. धडधाकट डिस्कला त्याने काही होत नाही. पण हेड (डेटा वाचणारा भाग) कमजोर झालेल्या डिस्कवर ओळीने तीन डेमो चालवले, तर चौथ्याला वाचायला डिस्कच उरत नाही. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे सेक्टर-सेक्टरची हुबेहूब प्रत, एका फाइलमध्ये काढायची, सगळे डेमो त्या इमेजवर चालवायचे, आणि प्रीव्ह्यू बघून खात्री झाल्यावरच पैसे भरायचे.

बिघाड नेमका कुठे आहे

चुकून डिलीट झालेली फाइल, फॉरमॅट झालेलं पार्टिशन, 'रॉ' (विंडोजला न ओळखता येणारा) दिसणारा ड्राइव्ह, वाचताना अडकणारी डिस्क आणि टकटक करणारी डिस्क ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्या तिघांत डिस्क बहुधा ठीक असते, कोणती फाइल कुठे आहे याचा हिशोब बिघडलेला असतो. चौथ्यात प्लॅटर (डेटा असलेली चकती) किंवा हेड खराब होत चाललेलं असतं. पाचव्यात सॉफ्टवेअरचं काही काम नाही.

टकटक आवाज, सुरू होताना बारीक बीप, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्क न दिसणं किंवा दिसली तरी क्षमता शून्य: यांपैकी काहीही असेल तर वीज काढा आणि थांबा. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना उपाय करू नका. बाहेर काढल्यावर प्लॅटरवर दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. झाकण उघडू नका. त्याच मॉडेलचं सर्किट बोर्ड आणून नुसतं बदलणंही आजच्या डिस्कवर चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची हेडची जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. हे काम क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबचं.

डिस्क दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि डिस्कवर काही लिहीत नाही. त्यातले आकडे मुळात हेक्समध्ये दिसतात. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या. मग चार ओळी बघा. 05 म्हणजे बदली दिलेले सेक्टर. सी5 म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर. सी6 म्हणजे दुरुस्त न होणारे. सी7 म्हणजे केबलवरच्या चुका. सी5 आणि सी6 शून्य असून फक्त सी7 वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, कारण बऱ्याचदा 'खराब' डिस्क तिथेच बरी होते. सीगेटच्या डिस्कवर 01 आणि 07 समोर अवाढव्य आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका. तिथे चुकांसोबत एकूण वाचनांची संख्याही त्याच आकड्यात धरलेली असते.

सी5 एकवरून तासाभरात चाळीसवर गेला, तर निदान झालं. आता त्या डिस्कवर एकही फाइल उघडायची नाही.

जे करायचं नाही

विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं, तिथे कॅन्सल. चेकडिस्क चालवायचं नाही. मशीन सुरू होताना ते आपोआप सुरू झालं तर कोणतीही की दाबून थांबवा. चेकडिस्कला तुमच्या फाइलींशी देणंघेणं नसतं, त्याला फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायचा असतो. न जुळणाऱ्या नोंदी ते कापून टाकतं आणि तुकडे 'फाउंड.000' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइल म्हणून टाकतं. जे नाव आणि फोल्डरसकट परत आलं असतं, त्याचा असा चुरा होतो. डिफ्रॅगही नको. आणि रिकव्हरी प्रोग्रॅम त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचा नाही, हे इतक्या वेळा सांगूनही सगळ्यात जास्त हेच घडतं.

इमेज काढणं

लागणारं सामान थोडं आहे. एक डेस्कटॉप, ज्यात डिस्क थेट साटा पोर्टला लावता येईल. दुप्पट क्षमतेची एक चांगली डिस्क: 1 टीबीच्या डिस्कसाठी 2 टीबीची, म्हणजे इमेज आणि काढलेल्या फाइल दोन्ही तिच्यावर मावतात. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट केलेली हवी. एफएटी32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक यूपीएस. आणि डिस्कवर वारा येईल असा छोटा पंखा, कारण वाचायला झगडणारी डिस्क तापते आणि तापली की आणखी अडते.

यूएसबी अ‍ॅडॅप्टर शक्यतो टाळा. खराब सेक्टर आला की त्यातल्या बऱ्याच चिप गोठतात आणि डिस्क मधूनच गायब होते. तरी वापरावाच लागला, तर 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो हे लक्षात ठेवा. पोर्टेबल डिस्कची डबी फोडण्याआधी थांबून विचार करा: वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट बोर्डावरच असतो, साटा जोडणी मिळत नाही, आणि डेटा त्या बोर्डावरच्या चिपने एन्क्रिप्ट केलेला असू शकतो.

कामाचं हत्यार म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं, फुकट, आणि या एका कामात पैसे देऊन घेतलेल्या बऱ्याच प्रोग्रॅमपेक्षा सरस. ते लिनक्सवर चालतं, म्हणून सिस्टिमरेस्क्यूचा बूट पेन ड्राइव्ह बनवा. डेस्कटॉप लिनक्सपेक्षा हा बरा, कारण तो डिस्क आपणहून माउंट करत (वापरासाठी उघडत) नाही.

1. बूट झाल्यावर 'एलएसबीएलके' आदेशाने डिस्कची यादी काढा, मॉडेल आणि सीरियल नंबरचे रकाने मागून घ्या. डिस्क आकारावरून ओळखू नका, डिस्कवरच्या लेबलाचा सीरियल नंबर पडताळा. डीडीरेस्क्यूमध्ये आधी स्रोत, मग इमेज, मग मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) असा क्रम असतो. पहिल्या दोन जागांवर डिस्क उलटसुलट पडल्या तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर उतरते. इमेज फाइलमध्ये घ्या, डिस्कवर डिस्क करू नका, म्हणजे हा धोका बराच कमी होतो.

2. पहिली फेरी 'डी' आणि 'एन' हे दोन पर्याय लावून. 'डी'मुळे कर्नलचा कॅशे टाळून थेट वाचन होतं. 'एन'मुळे कठीण जागा खरवडत बसणं टळतं आणि सोपं ते आधी हाती लागतं. ही फेरीच सगळ्यात मोलाची.

3. दुसरी फेरी 'एन' काढून, 'आर' पर्याय 3 ठेवून: म्हणजे खराब सेक्टरवर तीन वेळा परत प्रयत्न. तीच इमेज, तीच मॅपफाइल. मॅपफाइल हरवली तर काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंदच जाते, म्हणून ती पेन ड्राइव्हवर अधूनमधून कॉपी करत राहा.

4. पडद्यावर 'शेवटच्या यशस्वी वाचनाला किती वेळ झाला' ही ओळ असते. ती वाढतच चालली असेल तर कंट्रोल-सी ने थांबवा, डिस्क बंद करून गार होऊ द्या, आणि मोठा 'आर' लावून उलट्या टोकाकडून सुरू करा. पुष्कळदा खराब पट्ट्याच्या पलीकडचा निरोगी भाग असा सापडतो.

वेळेचा अंदाज: सेकंदाला 100 एमबी वेगाने 1 टीबीची निरोगी डिस्क सुमारे पावणेतीन तासांत उतरते. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात. वेग काही केबीवर आला म्हणून कंटाळून स्विच बंद करू नका. कंट्रोल-सी दिलं की ते नीट थांबतं आणि नंतर तिथूनच पुढे चालतं.

लिनक्सची अजिबात सवय नसेल तर विंडोजवर डीएमडीई वापरा. त्याच्या फुकट आवृत्तीतही सेक्टर कॉपी करून इमेज काढता येते. सौम्य बिघाडाला ते पुरतं.

आता डेमो

इमेज हाती आली की घाई संपली. शक्य असेल तर तिची आणखी एक प्रत करा आणि प्रयोग प्रतीवर करा.

डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या 4000 फाइलपर्यंत खरोखर सेव्ह करू देते. घरगुती गरज बऱ्याचदा इथेच भागते, पैसे भरायची वेळच येत नाही. दिसायला ते रुक्ष आहे, पण फाइल सिस्टिमची नीट समज असलेलं. इमेज उघडा, फुल स्कॅन लावा, सापडलेल्या व्हॉल्यूमपैकी मोठ्या आणि जास्त खुणा जुळलेल्या व्हॉल्यूमपासून बघायला सुरुवात करा. गेटडेटाबॅक पूर्ण यादी दाखवतं, फाइल उघडूनही देतं, सेव्ह करायला मात्र लायसन्स मागतं. आर-स्टुडिओचा डेमो लहान फाइल सेव्ह करू देतो, मोठ्यांना अडवतो; रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेली रचना) आणि लिनक्स-मॅकच्या फाइल सिस्टिमसाठी तो चांगला. रेकुव्हा फुकट आहे, पण ते निरोगी डिस्कवरच्या डिलीट फाइलींसाठी. इमेज थेट उघडत नाही, त्यामुळे इथे बाजूला ठेवा.

पार्टिशनच गायब असेल तर टेस्टडिस्क. अ‍ॅनलाइज, मग क्विक सर्च, सापडलेल्या पार्टिशनवर 'पी' दाबून फाइल दिसतात का बघा. दिसल्या तरच राइट, आणि तेही इमेजच्या प्रतीवरच. बूट सेक्टर खराब झाल्याने 'रॉ' दिसणारा ड्राइव्हही ते सुधारतं: एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, एफएटी32 सहाव्या सेक्टरमध्ये.

यादीवर विश्वास ठेवू नका, प्रीव्ह्यूवर ठेवा. नाव, तारीख, आकार या गोष्टी फाइलीच्या आतून येत नाहीत, निर्देशिकेतून (डिस्कवरच्या फाइलींच्या यादीतून) येतात. नाव 'लग्न_2014' असं देवनागरीत अगदी नीट दिसेल आणि आत फक्त शून्यं असतील. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या, वेगवेगळ्या आकाराच्या वीसेक फाइल उघडून बघा, त्यात मोठ्या फाइल जरूर घ्या. एफएटी32 वर डिलीट झालेल्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बऱ्याचदा गायब असतं आणि तिच्या तुकड्यांची साखळी पुसलेली असते. म्हणून सलग ठेवलेल्या फाइल येतात आणि विखुरलेल्या मोडक्या निघतात. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम घेतला तरी हे बदलत नाही.

खराब सेक्टरचा फटका नेमका कोणत्या फाइलींना बसला हे कळण्यासाठी एक छान सोय आहे. डीडीरेस्क्यूच्या फिल-मोडने इमेजच्या प्रतीत न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी स्वतःचा एखादा ओळखू येणारा मजकूर भरा. मग काढलेल्या फाइलींत तो मजकूर शोधा. ज्यांत सापडला त्या जखमी, बाकीच्यांवर खराब सेक्टरची झळ नाही.

फोटोरेक कधी, टॅलीचं काय

निर्देशिकाच उद्ध्वस्त असेल तर क्रिस्टोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक. ते फाइल सिस्टिमकडे न बघता फाइलीच्या सुरुवातीची खूण शोधतं. जेपेगची एफएफ डी8 एफएफ ही तशी खूण. फुकट आहे, मर्यादा नाही. पण नाव, फोल्डर सगळं जातं आणि विखुरलेली फाइल तुटकी निघते. चालवण्यापूर्वी फाइल ऑप्शनमध्ये फक्त हवे ते प्रकार निवडा, नाहीतर ब्राउझरच्या कॅशेतली हजारो चित्रं उपसत बसाल.

दुकानाचा किंवा ऑफिसचा टॅली डेटा असेल तर फोटोरेकचा उपयोग शून्य. टॅलीची कंपनी म्हणजे आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर आणि त्यातल्या, ईआरपी 9 मध्ये 900 आणि टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये 1800 अशा विस्ताराच्या अनेक फाइल. त्या आपापल्या नावांनी, एकत्रच चालतात. तेव्हा अख्खा फोल्डर नावासकट काढणारा प्रोग्रॅम हवा. डीएमडीईच्या फुकट मर्यादेत तो सहज बसतो.

जिथे हात टेकावे लागतात

एसएसडीवर डिलीट केलेलं परत येईल ही आशा फार धरू नका. ट्रिममुळे विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचं लगेच कळवतं आणि त्यानंतर तिथलं वाचन बहुधा शून्यच देतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की हवीच. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झाली आहे का ते आधी बघा, कारण विंडोज 11 वर एन्क्रिप्शन अनेकदा मालकाला नकळत सुरू असतं.

पैसे भरताना

किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात; काम झालं की बंद करा. लायसन्स कायमचं आहे की वर्षाचं, आपोआप नूतनीकरण होतं का, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, तिथे वाचा. एकाच डिस्कसाठी वर्षाची वर्गणी घेण्यात अर्थ नाही. क्रॅक केलेली प्रत तर मुळीच नको: रिकव्हरी प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनचे हक्क द्यावे लागतात, आणि क्रॅकमधून आलेलं रॅन्समवेअर तेच हक्क वापरून इमेजसुद्धा कुलूपबंद करतं.

फाइल काढून झाल्या की इमेज आणि मॅपफाइल किमान महिनाभर ठेवा. 'तो एक फोल्डर राहिला' हे सहसा दुसऱ्या आठवड्यात आठवतं. मूळ डिस्क वॉरंटीत असेल तर इमेज पडताळल्याशिवाय ती बदलीसाठी देऊ नका. बदल्यात दुसरी डिस्क मिळते, तुमची परत येत नाही.